परीक्षा इंग्रजीची, बळी मराठी शाळेचा?

एप्रिल-मे महिना आला, की सीमाभागातील मराठी शाळांचे शिक्षक पटसंख्येच्या काळजीने घरोघर हिंडू लागतात. वह्या देऊ, गणवेश देऊ, मुलाला शाळेत नेण्या-आणण्याची सोय करू, पण नाव आमच्या शाळेत घाला, अशी विनवणी करण्याची पाळी त्यांच्यावर आली आहे. पालक सगळे ऐकून घेतात, चहा पाजतात आणि शेवटी एक प्रश्न टाकतात : ‘गुरुजी, तुमचे सगळे खरे, पण पोराला उद्या बाहेर जायचे झाले तर ती इंग्रजीची परीक्षा तो कशी देणार?’ या प्रश्नापुढे गुरुजी गप्प होतात. एके काळी ‘बाहेर’ म्हणजे पुणे-मुंबई, फार तर आखात. आता बाहेर म्हणजे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन लंडनच्या रुग्णालयाची स्वप्ने पाहते, निपाणीच्या विडी कामगाराचा मुलगा अभियंता होऊन टोरांटोची चौकशी करतो. ही स्वप्ने पाहण्यात गैर काहीच नाही. ती पुरी व्हावीत, हीच आमचीही इच्छा आहे.

तेव्हा पालकांचा प्रश्न आपण गंभीरपणे घेतला पाहिजे. इंग्रजी माध्यमाकडे वळणारा प्रत्येक बाप मायबोलीचा द्रोही आहे, असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. सरकारी नोकरीला कन्नड लागते, खासगी नोकरीला इंग्रजी लागते, मग मराठीचे मी काय करू, हा त्याचा सवाल पोटातून आलेला असतो. त्याला भावनेच्या भाषणांनी उत्तर मिळत नाही. त्याला माहिती हवी असते, आणि नेमकी तीच त्याला कोणी देत नाही. ज्या परीक्षेच्या धास्तीने तो पाच वर्षांच्या मुलाची शाळा बदलतो, ती परीक्षा असते कशी, विचारते काय, तिची तयारी होते कशी, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असते ते गल्लीच्या कोपऱ्यावरील क्लासच्या फलकावरचे तेवढे. म्हणून आज भाषेच्या या अंकात मराठीचा गौरव जरा बाजूला ठेवून आम्ही इंग्रजीच्या परीक्षेविषयीच लिहीत आहोत.

परीक्षा मागते तरी काय?

परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी लागणाऱ्या या परीक्षा मुख्यतः तीन-चार आहेत. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेची टोफेल ही सर्वांत जुनी, १९६४ पासूनची. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी आणि केंब्रिज यांची मिळून आयईएलटीएस, जिला सारे ‘आयल्ट्स’ म्हणतात, ती आजच्या नावाने १९८९ पासून सुरू आहे. पिअर्सन कंपनीची पीटीई २००९ साली आली. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांच्यासाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा आहे. आपल्या भागात सर्वाधिक बोलबाला आयल्ट्सचा, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ.

ही परीक्षा सुमारे पावणेतीन तासांची. तिचे चार भाग : ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. ऐकण्याच्या भागात सुमारे अर्धा तास ध्वनिमुद्रित संवाद व व्याख्याने ऐकवली जातात आणि ४० प्रश्न असतात. मुद्रण एकदाच वाजते, पुन्हा नाही. वाचनाच्या भागात एका तासात ४० प्रश्न. विद्यापीठात जाणाऱ्यांना तीन लांबलचक उतारे वाचावे लागतात. लेखनालाही एक तास. त्यात दोन मजकूर लिहायचे, पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. शेवटी परीक्षकाशी समोरासमोर अकरा ते चौदा मिनिटे बोलायचे. यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा प्रकार नाही. शून्य ते नऊ अशी श्रेणी असते, तिला ‘बँड’ म्हणतात, आणि अर्ध्या अर्ध्या बँडने ती वर चढते. बहुतेक विद्यापीठे सहा ते सातच्या दरम्यान काहीतरी मागतात. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर तेथील परिषद ऐकणे, वाचणे, बोलणे या तिन्हींत सात आणि लेखनात साडेसहा बँड मागते.

आता या परीक्षेतील लेखनाचा दुसरा प्रश्न पाहा. एखादा सार्वजनिक विषय देतात : शहरात गर्दी वाढते आहे, तिचे कारण काय आणि उपाय काय, किंवा मुलांनी सुटीत काम करावे की नाही, तुमचे मत सांगा. परीक्षक चार गोष्टी पाहतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले आहे का, विचारांची मांडणी सुसंगत आहे का, शब्द नेमके आहेत का आणि व्याकरण शुद्ध व विविध आहे का. यातील पहिल्या दोन गोष्टी इंग्रजीच्या नाहीतच. त्या विचार करण्याच्या आहेत. मुद्दा धरावा कसा, उदाहरण द्यावे कोठे, परिच्छेद तोडावा कोठे हे ज्याला कोणत्याच भाषेत येत नाही, त्याला ते इंग्रजीत येणार नाही. आणि ज्याला ते मराठीत येते, त्याला उरलेल्या दोन गोष्टींवर मेहनत करावी लागते.

बोलण्याच्या भागाचेही तेच. त्यातील दुसऱ्या टप्प्यात एक विषय हाती देतात, एक मिनिट विचाराला देतात आणि मग एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. आपल्या शाळांतून उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा म्हणतात ती हीच! चिठ्ठी उचलायची आणि त्यावर बोलायचे. ज्या मुलाने सातवी-आठवीत कडोलीच्या किंवा येळ्ळूरच्या व्यासपीठावर थरथरत्या पायांनी का होईना, दोन मिनिटे भाषण ठोकले आहे, त्याचा निम्मा गड तेथेच सर झालेला असतो. वाचनाच्या भागात उताऱ्याचा आशय पकडायचा, म्हणजे आपल्या मराठीच्या उत्तरपत्रिकेतील सारांशलेखनच. ही परीक्षा मराठी शाळेला अगदी अनोळखी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

माध्यम वेगळे, भाषा वेगळी

आमचा मुख्य मुद्दा येथे आहे. इंग्रजी भाषा शिकणे ही एक गोष्ट आणि इंग्रजी माध्यमातून गणित-भूगोल शिकणे ही दुसरी गोष्ट. आपल्या पालकवर्गाने या दोहोंची गल्लत केली आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली दोन प्रकारच्या भाषाज्ञानांतील फरक दाखवून दिला. रोजच्या व्यवहारात गप्पा मारण्यापुरती भाषा वेगळी आणि अभ्यासाची, विचार मांडण्याची भाषा वेगळी. पहिली लवकर येते, दुसरीला वर्षे लागतात. दुसऱ्या प्रकारची क्षमता एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत ती उपयोगी पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतात विहीर एकदा खोल खणली, की पाणी कोणत्या वाफ्याला सोडायचे हा नंतरचा प्रश्न असतो. खणलीच नसेल तर पाट कितीही सुरेख बांधा, कोरडाच राहणार.

दुर्दैवाने आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या अनेक इंग्रजी शाळांत कोरडे पाटच बांधले जात आहेत. शिक्षिकेचे इंग्रजी जेमतेम, घरात इंग्रजीचे वारेही नाही, पाठ्यपुस्तकाची उत्तरे मुलांकडून घोकून घ्यायची आणि वर्षाखेरीस गुणपत्रिकेत ऐंशी टक्के. असा मुलगा दहा-बारा वर्षांनी आयल्ट्सला बसतो आणि तेथे पाठ केलेले निबंध चालत नाहीत. परीक्षकांना घोकलेली उत्तरे ओळखता येतात आणि त्यांचे गुण कापले जातात. मुलाला इंग्रजी येत नाही आणि मराठीही नीट वाचता-लिहिता येत नाही. ‘मराठी वाचायला मला कठीण जाते’ हे तो जेव्हा अभिमानाने सांगतो, तेव्हा आई-बापांनी कौतुक न करता काळजी करायला हवी.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगल्या इंग्रजी शाळेतील मुलांचा कान लवकर तयार होतो, उच्चार सफाईचे होतात, बोलताना भीड राहत नाही. हे खोटे नाही. काही परदेशी विद्यापीठे पदवीचे माध्यम इंग्रजी होते असा दाखला पाहून किंवा बारावीचे इंग्रजीचे गुण पाहून भाषेच्या परीक्षेतून सूटही देतात. परंतु हा दाखला पदवीचा लागतो, बालवाडीचा नव्हे! अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, संगणक या साऱ्या शाखांचे उच्च शिक्षण आपल्याकडे इंग्रजीतच होते. मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा अभियंता झाला, तर हा दाखला त्यालाही मिळतोच.

आणि एक साधा हिशेब पालकांनी करून पाहावा. आयल्ट्सचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरतात. म्हणजे ती परीक्षा द्यायची वीस-बावीसाव्या वर्षी, जायच्या आधी. पंधरा वर्षांनंतर द्यायच्या आणि अवघी दोन वर्षे चालणाऱ्या परीक्षेसाठी आपण पाच वर्षांच्या पोराची भाषा बदलतो! शिवाय पंधरा वर्षांनंतर ही परीक्षा कशी असेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. टोफेल २००५ साली इंटरनेटवर आली, २०२३ साली तिचा वेळ कमी करून ती दोन तासांच्या आत आणली गेली. देशांचे नियमही बदलतात. कॅनडाने विद्यार्थ्यांना झटपट परवाना देण्यासाठी काढलेली खास योजना २०१८ साली सुरू झाली आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी एका फटक्यात बंद झाली. तिच्या भरवशावर क्लासची फी भरलेल्यांचे डोळे पांढरे झाले. वारा सारखा फिरत असेल तर शिडाचा भरवसा धरू नये, तळ मजबूत ठेवावा.

माध्यमाचा निर्णय आज सर्वस्वी पालकांच्या हाती आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. कर्नाटक सरकारने १९९४ साली आदेश काढून पहिली ते चौथी मातृभाषेचे किंवा कन्नडचे माध्यम सक्तीचे केले होते. तो वाद न्यायालयात गेला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की सरकारला प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती करता येणार नाही, माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकाचा. दुसरीकडे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. म्हणजे मराठी शाळा मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ती नाकारण्याची मोकळीकही आहे. हक्क बजावायचा की मोकळीक, हे माहितीवर ठरावे, धास्तीवर ठरू नये.

आपण अडतो कोठे?

मराठी शाळेचा मुलगा या परीक्षेत अडखळतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. तो अडखळतो, पण ठरावीक ठिकाणी. आणि खड्डे ठरावीक असले म्हणजे ते बुजवता येतात. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही नामाआधीची उपपदे नाहीत, म्हणून आपला मुलगा ती गाळतो किंवा नको तेथे घालतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे तो ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ करतो, ‘मला माहीत आहे’चे ‘आय अ‍ॅम नोइंग’ करतो. स्वतःची ओळख ‘मायसेल्फ’पासून सुरू करतो. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ जोडतो. इंग्रजीतील ‘व’चे दोन उच्चार, एक ओठ गोल करून आणि दुसरा खालचा ओठ दातांना लावून, हा भेद आपल्या लिपीत नसल्याने कानाला पटकन जाणवत नाही. इंग्रजी शब्दात आघात कोठे येतो, यावर शब्दाचे रूप ठरते. मराठीत आपण सर्व अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो. फोटोग्राफ म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर आणि फोटोग्राफी म्हणताना तो दुसऱ्यावर, हे कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही.

या चुका बुद्धीच्या नाहीत, सवयीच्या आहेत. मुलाला मराठी व्याकरण नीट येत असेल तर त्या समजावून सांगणे फार सोपे जाते. कर्ता, कर्म, काळ, प्रयोग हे ज्याला आपल्या भाषेत ठाऊक आहे, त्याला दुसऱ्या भाषेत ते कोठे बदलते एवढेच दाखवावे लागते. पूर्वीचे आपले इंग्रजीचे शिक्षक भाषांतर पद्धतीने नेमके हेच करीत. त्या पद्धतीत उणिवा होत्या. बोलण्याचा सराव होत नसे, ही मोठीच उणीव होती. पण वाक्य उलगडण्याची तिची शिस्त आपण टाकून दिली आणि तिच्या जागी धड काहीच आणले नाही.

तयारीचा मार्ग सरळ आहे. ज्याचे इंग्रजी बारावीपर्यंत बरे आहे, त्याने चार-सहा महिने नेमाने घालवावेत. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या वा व्याख्याने ऐकावीत, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांची कानाला सवय करावी. इंग्रजी वृत्तपत्रातील एक लेख घड्याळ लावून वाचावा आणि त्याचा सारांश आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगावा. आठवड्याला दोन निबंध लिहावेत आणि ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत. न तपासलेल्या लेखनाने चुका पक्क्या होतात. स्वतःचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ऐकावे. पहिल्यांदा लाज वाटते, पण त्याहून चांगला गुरू नाही. नमुना प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. एखाद्या भागात गुण कमी पडले, तर संगणकावरील आयल्ट्समध्ये ६० दिवसांच्या आत तेवढाच एक भाग पुन्हा देण्याची सोय आता झाली आहे. सारी परीक्षा नव्याने द्यावी लागत नाही.

‘हमखास बँड’चा बाजार

हे सारे सांगायचे कारण असे, की न सांगितल्यामुळे बाजार बोकाळला आहे. परीक्षेची फीच सोळा-अठरा हजारांच्या घरात; त्यावर क्लासची फी, मग एजंटाचे कमिशन, मग महाविद्यालयाची अनामत. ‘तीस दिवसांत हमखास सात बँड’ अशा जाहिराती पाहून पालक शेत गहाण टाकतात. हमखास बँड जगात कोणीही देऊ शकत नाही. जो देतो असे सांगतो, तो एक तर खोटे बोलतो किंवा गैरमार्गाचे बोलतो. गैरमार्ग कोठे नेतो, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २०२२ साली काही गुजराती तरुण कॅनडातून अमेरिकेत चोरट्या मार्गाने शिरताना नदीत बोट बुडत असता पकडले गेले. न्यायालयात त्यांना इंग्रजीत साधे उत्तर देता येईना, दुभाषी आणावा लागला. आणि त्यांच्यापाशी आयल्ट्सचे साडेसहा-सात बँड होते! मेहसाण्याच्या पोलिसांना मग परीक्षेतील गैरप्रकारांचाच तपास हाती घ्यावा लागला. बँड विकत घेता येतो, भाषा विकत घेता येत नाही. आणि परक्या देशात पहिल्याच दिवशी लागते ती भाषा. परिचारिकेला डॉक्टराची सूचना ऐकून औषध द्यायचे असते. तेथे चूक झाली तर रुग्णाच्या जिवाशी गाठ असते. परीक्षेत लेखनाला साडेसहा का मागतात, याचे उत्तर तेथे सापडते.

सीमाभागाची म्हणून आणखी एक अडचण आहे. तिच्याकडे आधीच लक्ष दिलेले बरे. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरील नावाने होते आणि दोन्ही नावे तंतोतंत जुळावी लागतात. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरांनी, आधार कार्डावर वडिलांच्या नावासह आणि पासपोर्टवर आडनाव पुढे करून, अशी तीन रूपे घेते. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंगचे मातेरे होते ते वेगळेच. बँकेच्या कर्जासाठी वा परवान्यासाठी जमिनीचा उतारा दाखवायचा, तर तो कन्नडात. त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. या कामांना महिने जातात. मुलगा बँड मिळवून बसतो आणि कागद अडतात. तेव्हा अकरावी-बारावीतच सारी कागदपत्रे एका नावाची करून घ्यावीत, हा आमचा वडीलकीचा सल्ला समजावा.

वाट नवी नाही

मराठी माणसाने परदेशी जावे की नाही, हा वाद आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मिटवला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेला निघाल्या. त्यांचे इंग्रजी प्रामुख्याने घरी, गोपाळरावांच्या धाकात तयार झाले होते. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी आपण अमेरिकेस का जातो, हे जाहीर सभेत इंग्रजीत सांगितले आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून एम. डी. होऊन दाखवले. आपल्या शेजारच्या गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण जेमतेम मराठीतले. बुद्धाच्या शोधात ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालून आले आणि १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्रावरचे प्रबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले. पण १९२० साली आपल्या माणसांशी बोलायची वेळ आली, तेव्हा ‘मूकनायक’ मराठीतच काढला आणि त्याच वर्षी उरलेल्या शिक्षणासाठी ते पुन्हा लंडनला गेले.

ही असामान्य माणसे होती, हे मान्य. सर्वांना तसे होता येत नाही. पण त्यांना जी इंग्रजी आली, ती मराठी टाकून आली नाही, एवढे ध्यानात घ्यायला हरकत नसावी. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वाघिणीचे दूध पचवायलाही आधी आईच्या दुधावर पोसलेले पोट लागते.

आणि जे गेले त्यांच्याकडेही पाहावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. आज अमेरिकेत गावोगावी मराठी शाळा भरतात. शनिवार-रविवारी आई-बाप तास-तास मोटार चालवून मुलांना तेथे नेतात, कारण मूल आजीशी बोलू शकत नाही हे त्यांना तेथे गेल्यावर जाणवते. म्हणजे तेथे पोहोचलेला मराठी बाप मुलाला मराठी शाळेत घालतो आहे आणि तेथे पोहोचू पाहणारा मराठी बाप मुलाला मराठी शाळेतून काढतो आहे! यातला विरोधाभास आपल्याला हसू आणणारा नाही, अंतर्मुख करणारा आहे.

करायचे काय?

नुसते पालकांना उपदेश करून भागणार नाही. मराठी शाळांनीही आपले घर आवरले पाहिजे. ‘आमच्याकडे संस्कार मिळतात’ हे वाक्य आता पुरे झाले. आमच्याकडे उत्तम मराठी मिळेल आणि उत्तम इंग्रजीही मिळेल, असे छातीठोकपणे सांगता आले पाहिजे. आठवीपासून आठवड्याला दोन तास केवळ इंग्रजी ऐकणे आणि बोलणे यांसाठी राखून ठेवावेत. त्याला वेगळी इमारत लागत नाही, एक ध्वनिवर्धक आणि एक तळमळीचा शिक्षक लागतो. सीमाभागातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक आणि शिक्षक थोडेथोडके नाहीत. त्यांनी आठवड्याला दहा मुलांचे निबंध तपासायचे ठरवले, तरी क्लासवाल्यांची निम्मी दुकाने ओस पडतील.

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थांनी आपल्या एका दालनात या परीक्षांची पुस्तके ठेवावीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी या गावांची साहित्य संमेलने म्हणजे सीमाभागाचे वैभव. भर हिवाळ्यात मांडव घालून, गावजेवण घालून ही गावे मराठीचा उत्सव करतात. त्याच मांडवात कथाकथन आणि कविसंमेलन यांच्या जोडीला एक तास परदेशी शिक्षणाच्या माहितीचा ठेवला तर साहित्याचा काही अधिक्षेप होणार नाही. ज्या गावची मुले परदेशी गेली आहेत, त्यांना त्या तासाला बोलवावे. येता आले नाही, तर दूरध्वनीच्या पडद्यावरून बोलते करावे. मी याच गावच्या मराठी शाळेत शिकलो, असे एका मुलाने तेथून सांगितले, तर त्याचा परिणाम आमच्या दहा अग्रलेखांहून अधिक होईल.

महाराष्ट्र सरकारनेही सीमाभागातील ८६५ गावांविषयीची आपली आस्था घोषणांपुरती ठेवू नये. या गावांतील होतकरू मुला-मुलींना परीक्षेच्या फीची मदत आणि मराठी शाळांतील इंग्रजी शिक्षकांना प्रशिक्षण, एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. पण अभिजात भाषेची शाळा मुलांवाचून बंद पडत असेल, तर तो दर्जा भिंतीवर टांगायच्या मानपत्रापुरताच उरेल.

सीमाभागातील मराठी मूल घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते, दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी ऐकते आणि गोव्याच्या बाजूला नातेवाईक असले तर कोकणीही समजून घेते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच ज्याच्या कानावर तीन भाषा पडलेल्या असतात, त्याला चौथी भाषा शिकणे अवघड आहे, हे कोणी ठरवले? जगात अनेक भाषा सहज वापरणारे मूल हे भांडवल मानतात. आपण त्यालाच कमीपणा समजत आलो. इंग्रजीची परीक्षा आपल्या मुलांनी जरूर द्यावी, चांगल्या बँडने द्यावी, आणि खुशाल सातासमुद्रापार जावे. त्या परीक्षेची तयारी करायला विसाव्या वर्षी सहा महिने पुरतात. आपल्या भाषेत वाचायला, विचार करायला आणि तो मांडायला शिकण्याचे वय मात्र एकदाच येते, आणि ते पाचव्या वर्षी येते. येत्या जूनमध्ये दाखला हाती घेऊन शाळेच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आई-बापाने एवढा हिशेब मनाशी करावा आणि मगच पाऊल उचलावे.